चकाकीचे पैसे नंतर, आधी धातू ओळखा



अलॉय व्हील आणि सायलेन्सरची टिप पॉलिश करून देण्याचा व्यवसाय सध्या बऱ्याच जणांच्या मनात आहे. भांडवल कमी, दुकान नसलं तरी चालतं, आणि 'आधी-नंतर'चे फोटो टाकले की चौकशीचे फोन येतात. सगळं खरं आहे. पण माझं मत स्पष्ट सांगतो: समोरचा धातू कोणता आणि त्यावर थर कसला, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू नये. काम काही शे रुपयांचं असतं, पण एक व्हील बिघडलं तर भरपाई हजारांत जाते. नव्या धंद्याला तो फटका झेपत नाही.

आधी व्हील बघू. आजच्या बहुतेक अलॉय व्हीलवर रंग असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. म्हणजे तुम्ही ज्याला ॲल्युमिनियम समजून घासताय, तो प्रत्यक्षात क्लिअर कोट असतो. तो फाटला की आतल्या धातूला पाणी लागतं, आणि काही दिवसांत कडेपासून आत पांढऱ्या रेघा सरकायला लागतात. डायमंड कट व्हीलमध्ये हे जास्तच होतं. तिथे समोरचा भाग लेथवर कापून चमकवलेला असतो आणि वर फक्त लॅकर. त्याची दुरुस्ती पुन्हा लेथवरच होते. दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून तीही मोजक्याच वेळा करता येते.

ओळखायचं कसं? व्हील धुऊन सुकवा. मागच्या बाजूला नको, समोरच पण सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडावर थोडं मेटल पॉलिश घेऊन हलकं घासा. कापड काळं झालं तर ॲल्युमिनियम उघडं आहे, पॉलिश चालेल. कापड स्वच्छ राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. कापडावर व्हीलचाच रंग उतरला तर तो नुसता पेंट आहे. शेवटच्या दोन्ही ठिकाणी मेटल पॉलिश बाजूला ठेवा. शाम्पू, आयर्न रिमूव्हर आणि पेंटचं पॉलिश, एवढंच काम तुमचं.

आता सायलेन्सरची टिप. ती स्टेनलेस स्टीलची असते किंवा क्रोम प्लेटिंग केलेल्या लोखंडाची. "चुंबक लावून बघा, चिकटलं की लोखंड" असं बरेच जण सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. सायलेन्सरमध्ये वापरलेल्या स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतं. त्यापेक्षा कड नीट बघा. पापुद्रे सुटलेत, फोड आलेत, खालून तांबूस गंज डोकावतोय, तर ते क्रोम आहे. उडालेलं क्रोम पॉलिशने परत येत नाही, ते काम प्लेटिंगवाल्याचं. बारीक गंजाचे ठिपके असतील तर चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा, बरेचसे जातात.

स्टेनलेस असेल तर आधी काजळी काढा, मग खरवडलेल्या जागी ८००, १२००, २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून क्रमाने मारा, आणि शेवटी पॉलिश. साधी लोखंडी तारेची घासणी मात्र नको. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि नंतर तेच गंजतात. उष्णतेने आलेली निळसर-सोनेरी झाक पॉलिशने जाते, पण टिप तितकीच तापली की परत येते. हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगा.

आता सुरक्षिततेचं. लेबल नसलेल्या कॅनमधलं सुटं 'व्हील ॲसिड' विकत घेऊ नका. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. पातळ असलं तर लागल्या लागल्या आग होत नाही, काही तासांनी होते, तोवर ते कातडीच्या आत गेलेलं असतं. घासणारा मुलगा तुमचा भाऊ असो वा पगारी माणूस, त्याचे हात चकाकीपेक्षा महाग आहेत. बफिंग मशीनवर गॉगल आणि मास्क हवाच, सैल बाही किंवा ओढणी चालणार नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, म्हणून लोखंडाची ठिणगी उडवणारं ग्राइंडिंग त्याच कोपऱ्यात करू नका.

दराचंही एक बघू. समजा चार व्हीलना सहा तास लागले. तुमच्या तासाचे १५० धरले तर ९०० झाले. सामान २५०, जाणं-येणं १००. खर्चच १,२५० झाला. शेजारचा ९९९ घेतो म्हणून तुम्हीही ९९९ लावलेत, तर दर गाडीमागे २५१ रुपये खिशातून जातात. यापेक्षा तपासणीची दहा मिनिटं आधी द्या, काय होईल आणि काय होणार नाही ते व्हॉट्सॲपवर फोटोसकट लिहून पाठवा, मगच दर सांगा.

आणि "नाही" म्हणायला शिका. व्हीलला तडा असेल, रिम वाकलेली असेल तर पॉलिश करून ती झाकू नका. तो गाडीतल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. "दादा, हे आधी टायरवाल्याला दाखवा," असं सांगून परत पाठवलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुन्हा तुमच्याकडेच येतं, कारण त्याला खरं सांगणारा माणूस भेटलेला असतो.

सुरुवात गिऱ्हाइकाच्या गाडीवर नको. भंगारवाल्याकडून एक जुनं अलॉय व्हील आणि एक-दोन सायलेन्सर आणा. आठवडाभर त्यांच्यावर हात बसवा, कापडाची चाचणी दहा ठिकाणी करून बघा. धातू नजरेने ओळखू यायला लागला की मगच व्हिजिटिंग कार्ड छापा. तुमच्या गावात या कामाला काय दर मिळतो, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.