कोणती फिल्म घेऊ, सर?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वडिलांचा फिल्म कॅमेरा दुरुस्त करून घेतलाय. परवा घरी आला आणि म्हणाला, "सर, बीबी का मकबऱ्याचे इन्फ्रारेड फोटो काढायचेत. कृष्णधवल फिल्म कोणती घेऊ?" मी उर्दू-मराठीचा शिक्षक, फोटोग्राफी हा फक्त छंद. तरी बोलत बसलो, आणि बोलणं फिल्मपाशी थांबलं नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ही फिल्म उष्णता टिपत नाही. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती टिपते. हिरवी पानं हा प्रकाश भरपूर परत फेकतात, म्हणून कडुनिंब बर्फ पडल्यासारखा पांढरा येतो. निळं आकाश मात्र जवळपास काळं. रॉबर्ट वुड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१० मध्ये अशी चित्रं प्रसिद्ध केली, म्हणून या परिणामाला त्याचंच नाव आहे.

कोडॅकची एचआयई ही या प्रकारातली गाजलेली फिल्म. ती सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपायची, पण २००७ मध्ये कंपनीने ती बंद केली. आता नावं घ्यावीत अशी दोन: रोलाय इन्फ्रारेड ४००, जी ८२० नॅनोमीटरच्या आसपास पोचते, आणि इलफर्ड एसएफएक्स २००, जी ७४० लाच थांबते. पानं पांढरीशुभ्र हवी असतील तर पहिली घ्या आणि ७२० चा फिल्टर लावा. हा फिल्टर डोळ्याला जवळजवळ काळाच दिसतो, त्यामुळे चौकट आधी ठरवायची, फिल्टर नंतर चढवायचा. तो चार-पाच स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे ४०० ची फिल्म १२ ते २५ ची होऊन बसते. तिपाई हवीच. फोकसही थोडा सरकतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते, ती बघा. आणि मोसम पाहून जा. आपल्याकडे मे महिन्यात पानंच नसतील तर पांढरं काय होणार? पाऊस उघडल्यावरचं, श्रावण-भाद्रपदातलं ऊन उत्तम.

इथवर माहिती झाली. आता माझं मत.

मी त्याला एसएफएक्स आणि साधा लाल फिल्टर घ्यायला सांगितलं. त्यात आकाश गडद होतं, हिरवळ थोडी उजळते, पण कॅमेरा हातात धरता येतो. मुख्य म्हणजे माणसं माणसांसारखी दिसतात. पूर्ण इन्फ्रारेडमध्ये चेहरा मेणाचा होतो, डोळे काळ्या खळग्यांसारखे दिसतात, चालणारा माणूस धूसर होतो. मग फोटोग्राफर माणसं टाळू लागतो, पहाटे जातो, चौकट रिकामी करतो.

आपल्या वास्तूंचं नेमकं हेच होत आलंय. मशीद असो, दर्गा असो, मकबरा असो, फोटोत ती उजाड, गूढ, कुठल्या तरी संपलेल्या काळातली दिसते. पाणचक्कीवर जाऊन बघा. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात फातेहा पढणारी आजी, हौजाच्या काठावर दटावली जाणारी पोरं, वडाच्या सावलीत टेकलेली सहल. ही जागा भुताटकीची नाही, राबती आहे. तिच्यातून माणसं पुसून टाकणारी फिल्म मला पहिल्या पसंतीची वाटत नाही.

विद्यार्थी गप्प बसला नाही. "पण सर, मकबरा तर कबरच आहे ना? तिथे शांतता दाखवली तर काय बिघडलं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. १६५७ मध्ये वारलेल्या दिलरस बानो बेगमसाठी तो उभा राहिला. घुमट संगमरवराचा, बराचसा बाकी भाग चुन्याच्या गिलाव्याचा. इन्फ्रारेडमध्ये दोन्ही सारखेच उजळलेले मी पाहिलेत, आणि ते चित्र सुंदर होतं, हे कबूल करतो. पण तिथेसुद्धा रविवारी आईवडिलांचा हात धरून आलेली मुलं असतात. दीडशे-दोनशे वर्षांनी कोणी हे शहर फोटोंत शोधेल, तेव्हा त्याला दगड आणि झाडं सापडतील. आपण सापडू का?

शेवटी त्याने दोन्हींचा एकेक रोल मागवायचं ठरवलं. मी एवढीच अट घातली: एसएफएक्सचा रोल आधी संपवायचा, आणि त्याच्या छत्तीसपैकी निदान वीस फोटोंत माणूस असला पाहिजे.