चार चाकांची ओढ आणि डिझेलचा दम

जबलपूर म्हटले की मराठी माणसाला भेडाघाटचे संगमरवरी खडक आठवतात, धुवांधार आठवतो आणि नर्मदामाई तर आठवतेच. मोटारींचे वेड असलेल्या मंडळींना मात्र त्या जोडीला आणखी एक नाव आठवते, ते म्हणजे जोंगा. हे नाव कुठल्या नदीचे नाही की डोंगराचे नाही. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या भारदस्त इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले आहे. जपानच्या निसान कंपनीच्या पेट्रोल गाडीवरून बेतलेले हे लष्करी वाहन आहे. (इथे 'पेट्रोल' म्हणजे गस्त, इंधन नव्हे!) १९६९ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत अशा गाड्या १९९९ पर्यंत बनत होत्या. लष्करातून निवृत्त झाल्यावर लिलावात निघालेल्या जोंगा देशभर पसरल्या. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीने एक जोंगा घेतली, तेव्हा तर नव्या पिढीलाही हे नाव ठाऊक झाले.

त्यामुळे 'चारही चाके ओढणारी, डिझेलवर चालणारी, दोन दारांची गाडी घ्यावी का?' हा प्रश्न आजही घराघरांत निघतो. मुलाला ती रुबाबदार वाटते, वडिलांना इंधनाचा खर्च दिसतो आणि आईच्या मनात एकच प्रश्न असतो : घाटात ही गाडी धोक्याची तर नाही ना? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गाडीच्या पोटातल्या यंत्रात आहेत. आज ते यंत्रच थोडे उघडून पाहू.

डिझेलची ताकद कशात असते?

मूळ जोंगात सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन होते. ताकदीला ते कमी नव्हते, पण इंधन पिण्यात वस्ताद! लष्कराला ते परवडले, घरच्या खिशाला परवडेना. म्हणून लिलावात गाडी घेणाऱ्या पुष्कळांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. १९९६ मध्ये खुद्द फॅक्टरीनेही हिनो-लेलँडचे डिझेल इंजिन बसवलेली जोंगा सर्वसामान्य ग्राहकांसाठी काढली होती. पण त्या गाड्या फार थोड्या खपल्या. जबलपूरला डिझेल नवे होते असे मात्र नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला चार चाकी ओढीचा 'शक्तिमान' ट्रक १९५९ पासून याच गावात तयार होऊ लागला होता.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तशीच ही हवा तापते, आणि तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाडजूड, वजनदार आणि आवाज करणारे होते. पण याच दाबामुळे ते इंधनाचा जास्त उपयोग करून घेते. त्याची भर चाकांना मिळणाऱ्या पिळात दिसते, तीही कमी फेऱ्यांवर.

पीळ आणि अश्वशक्ती यांत नेहमी गल्लत होते. पीळ म्हणजे इंजिन दांडा किती जोराने फिरवते तो जोर. अश्वशक्ती म्हणजे तोच जोर मिनिटाला किती वेळा लावला जातो याचा हिशेब. सपाट महामार्गावर सुसाट जायचे तर अश्वशक्ती हवी. पण चार माणसे आणि सामान घेऊन चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची असेल, तर सुरुवातीलाच मिळणारा पीळ हवा. डिझेलचा 'दम' म्हणतात तो हाच.

कुंडमच्या चढणीचा हिशेब

जबलपूरहून दिंडोरीच्या रस्त्याला लागले की पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. आदिवासी वस्तीचा हा डोंगराळ मुलूख आहे. नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच कुंडमजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर उगम पावते. जबलपूर शहराची उंची ४०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे शहर सोडल्यापासून रस्ता एकूण चढाचाच. मोठा रस्ता सोडून पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला वळले आणि त्यात पावसाळा असला, तर चारही चाकांच्या ओढीचे मोल कळते.

आता थोडे साधे गणित करू. समजा, माणसांसकट गाडीचे वजन २००० किलो आहे आणि दहा मीटर गेल्यावर एक मीटर चढ, अशी वाट आहे. एवढ्या चढावर गाडीला वर ढकलायला सुमारे २०० किलोचा जोर लागतो. चिखल चाकाला अडवतो, त्याचे आणखी १०० किलो धरू. एकूण झाले ३००.

ओल्या चिखलात चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी धरली, तर काय होते पाहा. फक्त मागची चाके ओढणारी असतील तर त्यांच्यावर साधारण निम्मे वजन, म्हणजे १००० किलो येते. पकड मिळते २०० किलोची. हवे आहेत ३००! मग इंजिन कितीही दणकट असो, चाके जागच्या जागी फिरतात, चिखल उडतो आणि गाडी रुतते. चारही चाके ओढू लागली की पूर्ण २००० किलो वजन कामी येते, पकड ४०० किलोची होते आणि गाडी चढते. इंजिन तेच, चालकही तोच. फरक पडला तो वाया जाणारे वजन कामाला लागल्यामुळे.

तरफ कधी ओढायची?

मग चारही चाके कायमचीच जोडून का ठेवत नाहीत? वळणावर पुढची चाके मोठ्या कमानीवरून जातात आणि मागची लहान कमानीवरून. म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापावे लागते. जोंगासारख्या जुन्या पद्धतीच्या गाडीत तरफ ओढली की पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी घट्ट बांधला जातो. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण दांड्यांवर आणि दात्यांवर येतो. स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात, कधी तरफ परत सुटतच नाही. म्हणून जुने उस्ताद नव्या चालकाला पहिला धडा देतात तो हा : डांबर लागले की फोर व्हील काढ.

पुढच्या गाड्यांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला. टाटांची १९९१ सालची सिएरा आठवते? पुण्यात बनलेली, बाजूला दोनच दारांची, मागे वळणदार काचांची! दोन दारांच्या आटोपशीर मोटारीला युरोपात 'कूपे' म्हणतात. आपल्याकडे चारही चाकांची ओढ आणि डिझेल घेऊन त्या थाटाच्या सर्वांत जवळ गेली ती सिएराच. तिचे सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन जेमतेम साठ-पासष्ट अश्वशक्तीचे होते. पुढे टर्बो आल्यावर हा आकडा नव्वदच्या घरात गेला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. लोहाराचा भाता जसा निखाऱ्याला वारा घालतो, तसा हा सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. २०२५ च्या अखेरीस सिएराचे नाव टाटांनी पुन्हा आणले, पण ती गाडी पाच दारांची आहे.

हेच तंत्र टोकाला नेले की काय होते, ते जर्मनीच्या ऑडी कंपनीने २००८ मध्ये दाखवले. तिच्या टीटी या खऱ्याखुऱ्या कूपेला दोन लिटरचे डिझेल इंजिन आणि चारही चाकांची ओढ, दोन्ही एकत्र मिळाले. ताकद १७० अश्वशक्ती. पीळ ३५० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला १७५० फेऱ्यांपासूनच. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेसात सेकंदांत, आणि तरी कंपनीच्या आकड्यांनुसार लिटरला जवळजवळ १९ किलोमीटर! या गाडीत तरफ नव्हती. एरवी ओढ मुख्यतः पुढच्या चाकांना मिळे. ती चाके घसरू लागली की तेलाच्या दाबावर चालणारा अनेक चकत्यांचा क्लच क्षणात मागच्या चाकांकडे ताकद वळवत असे. टीटीचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले, पण हे तंत्र आज अनेक गाड्यांत आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे

आतापर्यंत सगळे ओढण्याबद्दल बोललो. थांबण्याचे काय? इथेच पुष्कळांचा समज चुकीचा असतो. 'फोर व्हील आहे, घसरायची नाही' असे म्हणून माणसे पावसात घाट उतरताना वेग कमी करत नाहीत.

ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. थांबवताना साध्या गाडीचेही पूर्ण वजन कामी येते. म्हणजे ओढताना चार चाकी गाडीला जो दुपटीचा फायदा मिळाला, तो ब्रेक लावताना मिळत नाही. ओल्या डांबरावर पकड वजनाच्या निम्मी धरा. ताशी ६० किलोमीटरवरून सपाट रस्त्यावर गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे २८ मीटरवर थांबते. वर सांगितलेल्या चढाइतकाच उतार असेल तर ३५ मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १७ मीटर धरले, तर एकूण ५२ मीटर झाले. वेग ८० असेल तर हाच आकडा ८५ मीटरवर जातो. ओढणारी चाके दोन की चार, याचा या हिशेबात कुठे संबंधच येत नाही.

उलट चार चाकी ओढीचा एक छुपा तोटा आहे. साध्या गाडीचे मागचे चाक वळणावर जरासे घसरले की चालकाला रस्ता निसरडा आहे हे कळते. चारही चाकांची गाडी निमूट पुढे जाते. निसरड्याची पहिली जाणीव होते ती ब्रेक दाबल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

एका बाबतीत मात्र तिची मदत होते. कच्च्या, ओल्या उतारावर फोर व्हील लावून खालचा गियर घातला, तर इंजिनचा अडसर चारही चाकांना मिळतो आणि गाडी ब्रेकवर कमी भार टाकत सावकाश उतरते. पण नुसत्या डिझेलवर विसंबू नये. पेट्रोलच्या इंजिनात पाय काढताच हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला मागे धरते. जुन्या डिझेल इंजिनात ती वाट उघडीच राहते, त्यामुळे हा अडसर कमी पडतो. म्हणूनच घाटात धावणाऱ्या मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक लावलेला दिसतो.

घेण्यापूर्वी

लिलावातली किंवा इंजिन बदललेली जुनी गाडी घ्यायची असेल तर रंग आणि रुबाब सर्वांत शेवटी पाहा. आधी कागद पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची नोंद नोंदणी पुस्तकात असावी लागते. इंजिनावरचा क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात. गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, तेही बघा.

मग जाणत्या मेकॅनिकला सोबत न्या. डिझेल इंजिन मूळ इंजिनापेक्षा जड असेल तर पुढचे पाटे बसले आहेत का, ते तपासा. डिझेलच्या फेऱ्या कमी असतात. मागचे दाते जुनेच ठेवले असतील तर महामार्गावर इंजिन सतत ओरडत राहील. मोकळ्या मैदानात फोर व्हील लावून आणि काढून पाहा, तरफ सहज सुटली पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. जुने ड्रम ब्रेक लांब उतारावर तापले की पकड सोडतात. इंजिनावर लाख रुपये घालणारा माणूस ब्रेकवर हजार रुपये घालायला कुरकुरतो, हे कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल.

मुलाचा रुबाब राहू द्या, वडिलांची इंधनाची बचतही होऊ द्या. पण गाडीवर पहिला खर्च करायचा तो आईच्या प्रश्नावर, म्हणजे ब्रेक आणि टायर यांवर. आणि पावसात कुंडमचा रस्ता असो की आपला कसारा, उतार लागला की चारही चाकांच्या गाडीतही वेग दोन चाकी ओढीच्या गाडीइतकाच ठेवा.