विजेची मोटार घेताना : पाना कोणाच्या हाती?

आमच्या संत तुकाराम नगरात सायंकाळच्या फेरफटक्याला भेटणारी मंडळी पूर्वी वेतनकराराविषयी आणि नळाच्या पाण्याविषयी बोलत. अलीकडे त्यांच्या बोलण्यात विजेच्या मोटारीने जागा पटकावली आहे. यात नवल काहीच नाही. चाकणच्या कारखान्यातून महिंद्रांची बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ही वाहने बाहेर पडतात. रांजणगावात तयार होणारी टाटांची विजेवरील नेक्सॉन २०२० पासून रस्त्यावर आहे. आकुर्डीच्या बजाजने चेतक हे जुने नाव विजेच्या स्कूटरला दिले, त्यालाही आता काही वर्षे लोटली. ही वाहने ज्या पट्ट्यात जोडली जातात, त्याच पट्ट्यातील कामगार आणि मध्यमवर्गीय माणूस आता गिऱ्हाईक म्हणून त्यांच्यापुढे उभा राहिला आहे. तेव्हा त्याने हिशेब कसा मांडावा, याचा विचार आपल्या पत्रातून व्हावयास हवा.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचे. भोसरीच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली आणि तिच्यातून विजेची मोटार घ्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले. "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवलेत. हिला म्हणे सर्व्हिसिंगच नाही. मग घ्यायला हरकत काय?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आयुष्याची बचत ज्यात घालावयाची, त्या वस्तूविषयीच्या प्रश्नाला जाहिरातीचे उत्तर चालत नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सर्व्हिसिंगचा खर्च कमी होतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, इंधनाचा फिल्टर, क्लच, सायलेन्सर या साऱ्यांची देखभाल करावी लागते. विजेच्या मोटारीत यांपैकी काहीच नसते. वेग कमी करताना तिची मोटर उलट जनित्राचे काम करते, त्यामुळे ब्रेकही पुष्कळ कमी झिजतात. तथापि 'सर्व्हिसिंगच नाही' हे मात्र खरे नव्हे. ब्रेकचे तेल, बॅटरी थंड ठेवणारा द्रव, वातानुकूलनाचा फिल्टर, सस्पेन्शनचे रबरी बुश, चाकांचे अलाइनमेंट ही कामे राहतातच. बॅटरीच्या वजनामुळे गाडी जड असते आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो. टायर लवकर झिजतात. शिवाय मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी गाडीत असते. ती निकामी झाली की लाखो रुपयांची मोटार दारात निश्चल उभी राहते. विम्याचेही तसेच. २०२२ पासून खाजगी विद्युत मोटारींना तृतीय पक्ष विम्यात १५ टक्के सवलत आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर ठरतो, आणि किंमत तर मुळातच अधिक.

आता आकडे मांडू. हे आकडे गृहीतकांचे आहेत. वाचकाने तेथे आपापले आकडे घालून पाहावेत. समजा, तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची मोटार ३ लाख रुपयांनी महाग आहे. महिना १,००० किलोमीटर प्रवास, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये: महिन्याचा खर्च सुमारे ६,९३० रुपये. विजेची मोटार एका युनिटला साडेसहा किलोमीटर चालली, तर १५४ युनिटे लागतील. घरच्या मीटरवर सरासरी १० रुपये दर धरला तर १,५४० रुपये. बाहेरच्या जलद चार्जिंग केंद्रावर २० रुपये धरला तर ३,०८० रुपये. सर्व्हिसिंगमध्ये वर्षाला ६,००० रुपये वाचले असे धरू. मग घरी चार्जिंग करणाऱ्याचे जादा ३ लाख ४ वर्षे ३ महिन्यांत भरून निघतात. बाहेर चार्जिंग करणाऱ्याचे ५ वर्षे ९ महिन्यांत.

परंतु आमच्या या निवृत्त मित्रांचा प्रवास महिना ५०० किलोमीटरच्या वर जाण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी हेच गणित घरच्या विजेवर ७ वर्षे १० महिन्यांचे होते आणि बाहेरच्या विजेवर १० वर्षे ४ महिन्यांचे. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी संपेल तितकी असते. मौज पाहा: सर्व्हिसिंगमधली ती वार्षिक ६,००० रुपयांची बचत झाली नाही, तर ७ वर्षे १० महिन्यांचा काळ ९ वर्षे ३ महिन्यांवर जातो, म्हणजे हमीच्या पलीकडे. थोडा प्रवास करणाऱ्या माणसाचा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे अशा रीतीने सर्व्हिसिंगच्या बिलावर येऊन ठेपते. पेट्रोलच्या भावाकडे टक लावून बसणारे आपण या बिलाकडे दुर्लक्ष करतो.

या हिशेबात एक सामाजिक अन्याय दडलेला आहे, तोही नजरेआड करता येत नाही. स्वस्त वीज कोणाला मिळते? ज्याला स्वतःचा बंगला किंवा हक्काची पार्किंगची जागा आहे, त्याला. आमच्या नगरातील जुन्या इमारतींत अनेकांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून तर मोटार चार्ज करता येत नाही! जागा असली तरी गृहनिर्माण संस्थेची संमती, स्वतंत्र मीटर, मंजूर भार हे सोपस्कार आहेतच. शिवाय घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. मोटारीची युनिटे वरच्या टप्प्यात पडली की १० रुपयांचे गृहीतकही कोसळते. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच तोच किलोमीटर महाग पडावा, ही आपल्या अर्थव्यवस्थेची जुनीच रीत येथेही दिसते.

आता बॅटरीकडे वळू. मोटारीच्या किमतीचा सर्वांत मोठा एकेरी भाग तोच. ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाच्या २०२४ च्या पाहणीत जगातील सरासरी भाव किलोवॅट-तासाला ११५ डॉलर निघाला. त्या हिशेबाने ३० किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे पावणेतीन-तीन लाख रुपये होतात, आणि हा घाऊक भाव आहे. त्यावर कंपनीचा नफा, मजुरी आणि कर चढावयाचे असतात. म्हणून हमीपत्र वाचल्यावाचून सही करू नये. क्षमता किती टक्क्यांखाली उतरली तर बॅटरी बदलून मिळेल? संपूर्ण बॅटरी बदलणार की बिघडलेला भागच? बाहेरच्या गॅरेजमध्ये साधे काम केले तर हमी रद्द होते का? गाडी विकली तर पुढच्या मालकाला काय मिळते? काही कंपन्यांनी 'आजीवन' हमी जाहीर केली आहे. पण ते 'आजीवन' पहिल्या खाजगी मालकापुरते आहे. गाडी जुन्या बाजारात गेली की हमी आखडते आणि विकणाऱ्याच्या हाती येणारी किंमतही तिच्याबरोबर आखडते.

दुसरा मार्ग भाड्याच्या बॅटरीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर ही मोटार ९ लाख ९९ हजार रुपये आणि बॅटरीसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा योजनेने बाजारात आली. सुरुवातीची रक्कम कमी होते, हे खरे. पण महिना १,००० किलोमीटरला ३,५०० रुपये भाडे आणि १,५४० रुपयांची वीज मिळून ५,०४० रुपये होतात. पेट्रोलच्या तुलनेत बचत उरते ती १,८९० रुपयांची. ८ वर्षांत भाड्यापोटी ३ लाख ३६ हजार रुपये जातात. 'कसेल त्याची जमीन' म्हणून १ एप्रिल १९५७ रोजी ज्या राज्यात कुळे मालक झाली, त्याच राज्यात मोटारीचा मालक खंड भरणारे कूळ व्हावा, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

यापेक्षाही खोल प्रश्न आहे तो दुरुस्तीच्या अधिकाराचा. माझा एक जुना विद्यार्थी भोसरीत गॅरेज चालवितो; हाताखाली तीन मुले आहेत. आमच्या परिचयातील एकांची विजेची मोटार मध्यंतरी अचानक बंद पडली. त्याने तपासले आणि दोष लगेच ओळखला: १२ व्होल्टची बॅटरी गेली होती. त्याने ती बदलली. तरीही पडद्यावरची दोषाची सूचना हटेना. ती पुसण्याचे यंत्र कंपनीच्या अधिकृत केंद्रापाशीच. शेवटी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून तेथे न्यावी लागली, आणि बॅटरीच्या किमतीहून वाहतुकीचे व 'तपासणी'चे बिल मोठे झाले. माझा विद्यार्थी इतकेच म्हणाला, "सर, पाना माझ्याकडं आहे, पण कुलूप त्यांचं आहे."

ही तक्रार नवी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात व स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे. पुढे वाद वरच्या न्यायपीठांत गेला. पण तेव्हा निदान इंजिन उघडून पाहता येत होते. आता मोटारीचे मर्म संगणकीय आज्ञावलीत आहे आणि तिची किल्ली कंपनीपाशी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२० मध्ये मतदारांनीच कौल देऊन बिनतारी मार्गाने कंपनीकडे जाणाऱ्या माहितीपर्यंत तो विस्तारला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने माहिती मिळते. हक्क मिळावयाला कायदा लागतो.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र प्रामाणिकपणे ऐकावयास हवा. या बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब असतो. अशिक्षित हाताने तिला स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. हे अगदी खरे आहे. परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? कुलूप लावावे हा नव्हे, तर शिक्षण द्यावे हा. या शहराने कारखान्यांसाठी हजारो फिटर आणि वायरमन घडविले. मोरवाडीत महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे गॅरेजमधील मेकॅनिकांसाठी सायंकाळचे वर्ग काढावेत, परीक्षा घ्यावी, प्रमाणपत्र द्यावे आणि प्रमाणपत्रधारकाला सुटे भाग व तपासणीची साधने रास्त दराने मिळतील, असे बंधन कंपन्यांवर घालावे. स्पर्धा आली की सर्व्हिसिंगचे बिलही आपोआप जमिनीवर राहील. ग्राहकाचे हित आणि मेकॅनिकाची भाकरी यांत येथे मुळीच विरोध नाही.

सरकारने सवलती दिल्या नाहीत असे नाही. विजेच्या मोटारीवर २०१९ पासून ५ टक्केच वस्तू व सेवा कर आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवरील पथकर माफ केला. परंतु या सवलतींचा लाभ गाडी विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला होतो. जनतेच्या पैशातून सवलत घेणाऱ्या उद्योगाने जनतेला दुरुस्तीचा हक्क द्यावा, ही मागणी अवाजवी कशी ठरेल? कार्यकर्त्यांनी ती ग्राहक पंचायतींत, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत आणि महापालिकेत मांडली पाहिजे. रस्त्याकडेच्या गाड्यांसाठी माफक दराची सार्वजनिक चार्जिंग केंद्रे हीही त्याच मागणीची दुसरी बाजू आहे.

शेजाऱ्यांना मी काय सांगितले, ते सांगून हा लेख संपवितो. माझा जावई रोज चाकणला जातो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, आणि त्याला इमारतीखाली स्वतःची जागा आहे. त्याला मी म्हणालो, हमीपत्र वाच आणि खुशाल घे. शेजाऱ्यांना म्हणालो, तुमचा प्रवास थोडा, चार्जिंगची जागा नाही आणि पैसा निवृत्तीचा. पैसे बँकेत राहू द्या. २०२२ पासून मेट्रोचे स्थानक आपल्या नगराच्या नावाने उभे आहे आणि वल्लभनगरचे एस. टी. आगार हाकेच्या अंतरावर आहे. ते थोडे हिरमुसले. पण दुसऱ्या दिवशी सायंकाळी भेटले तेव्हा त्यांनीच विचारले, "सर, ती मोरवाडीची अर्जाची गोष्ट... पहिली सही माझी चालेल का?"

मी म्हणालो, चालेल. अर्ज लिहून तयार आहे.