आजारपणांची रांग

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी एका पत्रात एक तक्रार असते. आषाढ-श्रावणात एकाच पत्रात सबंध घर आजारी असते. सांगलीकडच्या एका शिक्षिकेचे पत्र या प्रकारातले आहे. जूनच्या अखेरीस सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. त्यांचे प्लास्टर निघण्यापूर्वीच यजमानांना डेंग्यू झाला. ते रुग्णालयातून घरी आले त्याच आठवड्यात नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला व त्याच्या हनुवटीला टाके घालावे लागले. त्यानंतर घरातल्या आठ वर्षांच्या कुत्र्याने अन्न सोडले. रक्ततपासणीत गोचीडताप निघाला. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "पहाटे पाच वाजता कुकरच्या वाफेने माझा हात भाजला आणि मी रडले, पण ते रडणे हाताचे नव्हते. आता कोणाची पाळी, एवढेच सारखे मनात येते."

या पत्रात औषधांविषयी एकही प्रश्न नाही. उपचार सगळ्यांचे व्यवस्थित चालू आहेत. प्रश्न दोनच आहेत. हे सारे आमच्याच वाट्याला का, हा पहिला. दुसरा त्यांनी संकोचून विचारला आहे : माणसांचेच निस्तरत नाही, तिथे कुत्र्यामागे काय धावतेस, असे नातेवाईक म्हणतात, त्यांचे बरोबर आहे का?

पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर असते. कोणी साडेसाती म्हणतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्याने एखाद्या आजीला रात्री शांत झोप लागत असेल, तर त्यावर वाद घालण्याचे कारण मला दिसत नाही; मात्र मिरच्या जाळायच्या असतील तर दम्याच्या रुग्णाला आधी दुसऱ्या खोलीत न्यावे, एवढी विनंती करीन. खरा अपाय होतो तो पुढच्या पायरीवर. दुर्दैवाला चेहरा शोधण्याची माणसाला घाई असते आणि तो चेहरा बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाचा निघतो. नव्या सुनेचा पायगुण काढला जातो, किंवा "हे कुत्रे आल्यापासून घरातले आजारपण हटत नाही" असे बोलले जाते. मुले हे सारे ऐकत असतात.

योगायोग कसे वागतात याचे एक जुने उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडू लागले, तेव्हा ते ठरावीक वस्त्यांवरच पुन्हा पुन्हा पडतात अशी लोकांची खात्री झाली होती. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये दक्षिण लंडनच्या नकाशाचे ५७६ सारखे चौकोन पाडून त्यांत पडलेल्या ५३७ बॉम्बचा हिशेब मांडला. २२९ चौकोनांत एकही बॉम्ब नव्हता, ३५ चौकोनांत तीन-तीन होते, तर सातांत चार-चार. कोणीही नेम धरला नसता, सारे निव्वळ योगायोगाने विखुरले असते, तरी जवळजवळ हेच आकडे आले असते. योगायोग म्हणजे समान वाटप नव्हे. जे घर चार बॉम्बच्या चौकोनात असते, त्याला हे गणित पटणे कठीण, हेही खरे.

तरीही घरातली सगळीच आजारपणे योगायोगाने येत नाहीत. काही एकमेकांना धरून येतात, आणि तेवढ्यांवर आपला हात चालतो. ओली मोरी, कुंड्यांखालच्या बशा, कुत्र्याच्या पाण्याचे न घासलेले भांडे, दमट हवेत भिंतींच्या फटींत वाढणारे गोचीड ही सर्व एकाच ऋतूची अपत्ये आहेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो व दिवसा चावतो; अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करून घासण्याची प्रथा आहे. गोचीडताप कुत्र्याकडून माणसाला थेट लागत नाही. तो गोचिडाच्या चाव्यातून पसरतो. म्हणून कुत्र्याच्या अंगाइतकीच त्याची गोणपाटाची जागा व आजूबाजूच्या फटीही साफ कराव्या लागतात. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट वेगळी : उंदरांप्रमाणे कुत्र्याच्या लघवीतूनही त्याचे जंतू पसरू शकतात, आणि कुत्र्यांसाठी त्याची लसही मिळते.

या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे शुश्रूषा करणारी व्यक्ती. कुकरच्या वाफेने भाजलेला हात हा माझ्या मते योगायोग नव्हे. तो तीन रात्रींच्या जागरणाचा परिणाम आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जेनिस कीकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहानसा अभ्यास आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या तेरा स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली गेली. सेवा करणाऱ्यांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. ताण हा केवळ मनाचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी हे नऊ दिवस लक्षात ठेवावेत.

आता घरात काय करता येईल ते पाहू. माझा आग्रह एका साध्या शंभर पानी वहीचा आहे. प्रत्येक आजाऱ्याला तीत स्वतंत्र पान द्यावे, कुत्र्यालाही. ताप, औषधाची वेळ, किती पाणी पोटात गेले, लघवी कितीदा झाली आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न, एवढेच लिहावे. मोबाइलमध्ये हे सारे करता येते हे मान्य. पण मोबाइल एकाच्या खिशात राहतो आणि वही फ्रिजवर. रात्री दोन वाजता उठलेल्या माणसाला, साडेदहाची गोळी दिली की नाही, हे दुसऱ्याला न उठवता कळले पाहिजे.

एकाच वेळी दोन-तीन आजारी असले की लक्षाची विभागणी चुकीच्या क्षणी होते. डेंग्यूत हे विशेष घडते. ताप उतरला की घर सुटकेचा निःश्वास टाकते व पुढच्या आजाऱ्याकडे वळते. वास्तविक ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हेच डोळ्यांत तेल घालून पाहण्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, विलक्षण सुस्ती किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन या आजारात टाळतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लास्टरबाबतही असेच. बोटे निळसर पडली, बधिर झाली, सूज किंवा ठणका वाढतच गेला, तर प्लास्टर घट्ट झाले आहे असे समजून लगेच दाखवावे. "नवे आहे, दुखायचेच" म्हणून थांबू नये. आणि साठीच्या पुढच्या स्त्रीचे मनगट साध्या पडण्याने मोडले असेल, तर प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. पुढचे पडणे खुब्यावर निभावते, आणि तो अनुभव कोणत्याही घराला नको. मोरीत हाताला धरायला दांडा बसवण्याचे काम तपासणीपर्यंतही थांबवू नये.

औषधांचा डबा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माणसांची आणि प्राण्यांची औषधे एका डब्यात ठेवू नयेत, आणि माणसाचे औषध "अर्धी गोळी देऊन पाहू" म्हणून प्राण्याला कधीही देऊ नये. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात फारच अपुरी असते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला विषासारखी आहेत. घरात दोन्ही प्राणी असल्यास पशुवैद्यांना ते आधी सांगावे. उलट, गोचीडतापाचे डॉक्सिसायक्लिन बहुधा चार आठवडे द्यावे लागते. कुत्रे चौथ्या-पाचव्या दिवशी शेपूट हलवत भाकरी मागू लागते आणि घाईत असलेल्या घराला गोळ्या थांबवण्याचा मोह होतो. तो आवरावा. आणखी एक गोष्ट म्हणजे दुखणाऱ्या अंगाला हात लावला की अतिशय मायाळू कुत्रेही चावू शकते. घरचे आहे, लस दिलेली आहे, म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मदतीच्या बाबतीत आपली एक मराठमोळी अडचण आहे. शेजारी मनापासून म्हणतात, "काही लागले तर सांगा हं." आपणही तितक्याच मनापासून "हो, नक्की" म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीच पुढे काही करत नाही. उलट समाचाराला येणाऱ्यांसाठी चहा टाकावा लागतो, सोबत पोहे होतात, आणि आजारी माणसाची जेवणाची वेळ टळते. समाचाराला जाणाऱ्यांनी चहा न घेता दहा मिनिटांत उठावे व येताना भाजी-भाकरीचा डबा न्यावा, असा दंडक एखाद्या सोसायटीने केला तर तो मी या सदरात आनंदाने छापीन. तोवर उपाय असा की मदतीचे वाक्य आपणच पूर्ण करावे. "मंगळवारी सकाळी कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्याल का?" "धाकट्याला शनिवारपर्यंत शाळेतून आणाल का?" अशा नेमक्या मागणीला माणसे सहसा नाही म्हणत नाहीत, मोघम मागणीला मात्र काय करावे हे त्यांनाच कळत नाही. नणंदा, जावा, भाऊ यांच्याशीही असेच बोलावे. "तुम्हाला वेळ असेल तर" हे शब्द गाळावेत.

आता दुसरा प्रश्न. नातेवाइकांचे बरोबर आहे का? माझे उत्तर नाही असे आहे. पैसा आणि वेळ मोजके असताना माणूस आधी, हा क्रम कोणीही नाकारत नाही. डेंग्यूचा रुग्ण आणि कुत्रे एकाच रात्री अत्यवस्थ झाले, तर काय करायचे हे या शिक्षिकेला सांगावे लागणार नाही. पण क्रम लावणे वेगळे आणि दुःखच नामंजूर करणे वेगळे. आयुष्यातील घटनांचा ताण मोजण्यासाठी टॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घरातल्या व्यक्तीच्या प्रकृतीतील बदलाला ४४. त्या यादीत पाळीव प्राण्याच्या आजाराला जागा नाही, सुट्टीवर जाण्याला मात्र आहे. आठ वर्षे दारात वाट पाहणारा जीव निपचित पडला की काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या यादीतली उणीव समजेल. ते दुःख लपवावे लागले की माणूस आणखी थकतो. म्हणून या बाईंनी कुत्र्यासाठी एक तास काढावा, आणि तो का काढला याचा खुलासा कोणाला देऊ नये. खर्चाविषयी पशुवैद्यांशी आरंभीच मोकळेपणाने बोलावे. कोणत्या तपासण्या आज अत्यावश्यक आहेत, कोणत्या थांबू शकतात, हे विचारण्यात कमीपणा नाही. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत अल्प शुल्कात तपासणी होते.

मुलाशी मात्र खरे बोलावे. नऊ वर्षांच्या मुलाला घरातले आजार मोजता येतात आणि त्यांची कारणे तो स्वतःत शोधतो : मी हट्ट केला म्हणून बाबा आजारी पडले, मी फिरायला नेले नाही म्हणून कुत्रे आजारी पडले. "तुझ्यामुळे नाही, गोचिडामुळे" हे त्याला स्पष्ट शब्दांत, एकाहून अधिक वेळा सांगावे. त्याला कुत्र्याच्या पाण्याचे भांडे रोज घासण्याचे काम द्यावे. कुत्रे बरे होण्याची शक्यता चांगली आहे हे सांगावे, खात्री मात्र देऊ नये. आणि उद्या तशी वेळ आलीच, तर "तो झोपला" किंवा "गावी गेला" असे सांगू नये. काही मुलांना त्यानंतर झोपेचीच भीती वाटू लागते. काही वर्षभर गावाकडच्या गाडीची वाट पाहतात. गेला, हा शब्द मुले पेलू शकतात. निरोप घ्यायचा असेल तर त्याला जवळ येऊ द्यावे.

राहिला भाजलेला हात. तो वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा होता; बर्फ, टूथपेस्ट किंवा तूप लावायचे नसते. आता फोड आले असतील तर ते फोडू नयेत, स्वच्छ कोरड्या पट्टीने झाकावेत आणि यजमानांच्या पुढच्या तपासणीला त्याच डॉक्टरांना दाखवावेत. त्याच भेटीत त्यांनी स्वतःचा रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. घरातल्या वहीत सासूबाई, यजमान, मुलगा व कुत्रा अशी चार पाने त्यांनी केली असतील. पाचवे पान स्वतःच्या नावाचे करून त्यावर आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहावेत. सलग तीन रात्री तो आकडा पाचांच्या खाली गेला, तर चौथ्या रात्रीचा पहारा नणंदेकडे द्यावा.