मधाचे बोट

मधापासून मद्य होते, असे आमच्या निमोण्यात कुणाला सांगितले तर तो आधी हसेल. मोहाची ऐकलेली, गुळाची पाहिलेली. पण मध म्हणजे खोकल्याचे चाटण आणि देवाचे पंचामृत! तरीही गेल्या काही वर्षांत पुण्यात ‘मूनशाईन’ आणि नाशिकला ‘सेराना’ या नावांनी मधाचे मद्य, म्हणजे ‘मीड’, तयार होऊ लागले.

निव्वळ मध सहसा आंबत नाही. त्यात पाणी असते सुमारे १८ टक्के. एवढ्यावर किण्वाचे काही चालत नाही. पाणी वाढवले की साखरेचे मद्यार्क होऊ लागते. पोलंडात या पाण्यावरूनच चार जाती मानतात : एक भाग मधास अर्धा भाग पाणी ती सर्वांत गोड, तीन भाग ती सर्वांत हलकी. फळे घातली की ‘मेलोमेल’, मसाले घातले की ‘मेथेग्लिन’. इथिओपियातील ‘तेज’मध्ये गेशो नावाची कडू वनस्पती घालतात. चीनमध्ये जिआहू येथे सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध व फळे यांच्या पेयाचे अंश सापडले आहेत.

इतका मोठा इतिहास असता आपल्याकडे मात्र लगेच वेदांचा दाखला दिला जातो. वेदांतला ‘मधु’ कधी मध असतो, कधी सोम, कधी दूधही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘मधु’ म्हणजे चक्क द्राक्षांचे मद्य! दारू ती दारूच. तिला संस्कृतीचे मधाचे बोट लावून कुणी आपल्यापुढे ठेवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. दारूने मोडलेले घर प्याला कशाचा होता हे विचारत नाही.

मग या धंद्याला माझा विरोध आहे का? नाही. कारण प्रश्न मधमाशीचा आहे. आमच्या शिरूर तालुक्यात कांदा पिकतो, आणि कांद्याचे बी धरायला माश्या लागतात. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. तरीही ऐन फुलोऱ्यात औषध फवारणारे आपणच! मधाला बारमाही गिऱ्हाईक मिळाले, तर पेटी ठेवणे शेतकऱ्याला परवडेल आणि फवारताना त्याचा हात थबकेल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बाटलीवर वेद नकोत. आतला मध कोणत्या गावचा आणि पेटीवाल्याला त्याचा काय भाव दिला, एवढे छापा. मग पिणाऱ्याने प्यावे, न पिणाऱ्याने आमच्यासारखे चाटण चाटावे.