जाळीपलीकडचे पक्षी

वर्धा जिल्ह्यातल्या पक्षीवेड्यांना बोर धरण आहे, पवनारला धाम नदीचं पात्र आहे, हिवाळ्यात शेतावरच्या तारेवर बसणारा नीलपंख आहे. तरीही नवा कॅमेरा घेतलेल्या मुलांना मी आधी नागपूरच्या महाराजबागेत पाठवतो. मोकळा पक्षी नवशिक्याला उसंतच देत नाही. पिंजऱ्यातला पक्षी मात्र ठरलेल्या फांदीवर पुन्हा पुन्हा येतो. ती फांदी ओळखून थांबायचं, ही सवय तिथं लागते.

अडचण जाळीची. कठडा ओलांडायचा नाही, त्यामुळे लेन्स जाळीला टेकवता येत नाही. अशा वेळी तीनशे मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्यावी आणि ॲपर्चर उघडेल तेवढं उघडं ठेवावं. पक्षी पुढच्या जाळीपासून लांब असला की तार विरून जाते; पण मागच्या जाळीला चिकटून बसला तर त्याच्यापाठी चौकटी उमटतात. म्हणून तो मधल्या फांदीवर येईपर्यंत बोट आवरायचं. ऊन पडलेली जाळी टाळावी, कारण चकाकत्या तारेचा पांढुरका धुरकटपणा सगळ्या फोटोवर पसरतो. सावलीतली, गंजून काळवंडलेली जाळी उत्तम. ऑटोफोकस हटकून तारेलाच धरतो. तेव्हा एकच फोकस बिंदू निवडून तो जाळीच्या भोकातून पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा, नाहीतर सरळ हातानं फोकस करावा.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन काचेआड आहेत. तिथं फ्लॅश मारला तर काचेवरून उलटा येतो. पण फ्लॅश नको म्हणायला मला काचेचं कारण लागत नाही. ज्याला उडून लांब जाता येत नाही, त्याच्या डोळ्यांवर उजेड मारणं मला पटत नाही. मान वळावी म्हणून शिट्ट्या मारणं, जाळी वाजवणं हेही तसंच. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-जे प्राणिसंग्रहालयातल्या जीवाला चिडवायला, खाऊ घालायला आणि आवाजानं त्रास द्यायला मनाई करतं.

जाळी गेली की फोटो रानातला वाटू लागतो, आणि माझी खरी काळजी इथून सुरू होते. तारेवर घासून झिजलेली शेपटी, उपटलेल्या पिसांचा उघडा ठिपका मुलं संगणकावर दुरुस्त करतात. तसं करू नये. त्या पक्ष्याचं जगणं त्या शेपटीतच दिसतं. फोटोखाली ‘पिंजऱ्यातला’ हा शब्द आणि ठिकाण लिहिलंच पाहिजे. नाहीतर एखादा परदेशी फेझंट समूहामागून समूहात फिरतो, कुणीतरी तो बोरच्या जंगलातला म्हणून पुढं पाठवतं, आणि वर्षानुवर्षं पहाटे उठून जिल्ह्यातल्या पक्ष्यांच्या याद्या करणाऱ्यांना ती खोटी नोंद निस्तरत बसावं लागतं.