डोळे तपासायला येतात, तेव्हा मूल कुठे असते?

नेत्रशिबीर म्हटले की आपल्याला हिरवी पट्टी बांधून ओळीने बसलेली म्हातारी माणसे आठवतात. मोतीबिंदूच्या शिबिरांनी महाराष्ट्रात असंख्य वृद्धांना दृष्टी परत दिली, हे कुणीही मान्य करील. परंतु मोतीबिंदू झालेले आजोबा पुढच्या शिबिरापर्यंत थांबू शकतात. मुलाचे तसे नाही. तिरळेपणा असला किंवा एकाच डोळ्याला मोठा नंबर असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारू लागतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. सातआठ वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्या डोळ्याला कामाला लावता येते. पुढे ते फार अवघड होऊन बसते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 सालापासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरच्या आदिवासी भागात झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचे पथक येऊन मुले तपासते. योजना चांगली आहे. माझा प्रश्न एवढाच, की पथक येते त्या दिवशी मूल गावात असते काय?

पालघर-रायगडकडचा कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. आमच्या बीड जिल्ह्यातील तांडे आणि वाड्यावस्त्या दसरा-दिवाळीला रिकाम्या होतात आणि उन्हाळ्यात भरतात. आमच्याकडील बंजारा कागदोपत्री आदिवासी नाहीत, विमुक्त जातींत मोडतात. पण कातकऱ्याच्या पोराचे आणि तांड्यावरच्या पोराचे वर्ष सारखेच फाटलेले असते. दुर्गम हा शब्द आपण डोंगर आणि नदी पाहून वापरतो. युसूफ वडगावला डोंगर आडवा येत नाही, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही. तरीही आमची मुले वर्षातले पाचसहा महिने दुर्गमच असतात.

माझे आईवडील कोयत्यावर जातात, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. माझ्या चुलत बहिणीचे डोळे शाळेत श्रावणात तपासले, नंबर निघाला. चष्मा आला पौषात. तेव्हा ती कर्नाटकातल्या एका फडावर कोपीत धाकट्या भावाला सांभाळत होती. ती परत आली तेव्हा चष्मा कोणत्या कपाटात आहे हे कुणाला सांगता येईना.

फडावर आणखी एक संकट असते. उसाच्या पाचटाची कड पात्यासारखी लागते. बुबुळाला ओरखडा जातो, त्यात बुरशी शिरते, आणि मुकादमाची उचल फेडायची असल्याने दवाखान्यासाठी खाडा करायला कुणी धजत नाही. मग कुणी डोळ्यात दूध पिळते, कुणी दुकानातून मिळेल तो थेंब आणून घालते. त्या थेंबात स्टिरॉइड असले तर बुरशी अधिकच फोफावते. शेवटी फूल पडते आणि 'नशीब' म्हणून सगळे गप्प बसतात. (नशिबाला आमच्याकडे फार कामे असतात!)

कुणी म्हणेल, हंगामी वसतिगृहे आहेत, मुलांना गावातच ठेवा. जरूर ठेवावीत. पण ती शाळकरी मुलांसाठी. दोनतीन वर्षांचे पोर आईबरोबरच जाते. आणि नेमके हेच वय आळशी डोळा ओळखण्याचे, हेच वय 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसांचे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तो डोस द्यायचा असतो. त्यातला हिवाळ्यातला डोस फडावरच्या पोराला कोणी द्यायचा? गावची अंगणवाडीताई म्हणते, पोर इथे नाही. तिकडची म्हणते, पोर आमचे नाही.

म्हणून तपासणी जून-जुलैतच, सगळी घरे भरलेली असताना झाली पाहिजे आणि चष्मे दसऱ्याच्या आत हातात पडले पाहिजेत. नोंदीचे कार्ड आईच्या ट्रंकेत हवे, शाळेच्या कपाटात नको. कारखान्याच्या भागातील पथकाने कोप्यांवर एक फेरी मारावी. कार्यक्रम राष्ट्रीय आहे, तेव्हा कर्नाटकातील पथकालाही ते कार्ड चालायला हरकत नसावी.

पहिल्या चाळणीला डॉक्टरही लागत नाही. सहा मीटरची टेप आणि चार दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी 'ई'चा तक्ता पुरतो. मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची. अक्षर ओळखावे लागत नाही, त्यामुळे घरी गोरमाटी बोलणारे पोरही अडत नाही. अगदी लहानग्यांसाठी मात्र डॉक्टरच हवेत.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत भरते. आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. पाहायला वस्तीवर म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी असतात. सरांनी जुलैतला एक रविवार दिला, तर टेप मी आणतो आणि पहिली वस्तीही मीच दाखवतो.